संगमावर मिळालेले आयुष्य

मला विसावे वर्ष लागले तेव्हा माझे यजमान जयगडजवळ मचवा बुडून गेले. भावाने मला संगमेश्वरला आपल्या घरी आणले. त्याने कधी काही कमी केले नाही, पण त्याच्या मुलाच्या बारशाला वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, बायका जाईपर्यंत तुम्ही मागच्या पडवीतच बसा." तिच्या मनात वाईट नव्हते. मला मात्र ते फार लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संगमावरच्या देवळात गेले. देव ऐकतो यावरचा माझा विश्वास तोवर पार उडाला होता. तरी पिंडीपुढे बसून म्हटले, "मी आता काहीच मागत नाही. हे आयुष्य तुझे तू घे. टाकून दे, नाहीतर तुला हवे तसे घडव."

बाहेर आले तर घाटापाशी एक बैलगाडी उभी होती. एका दिवस भरलेल्या बाईला माहेरी नेत होते, वाटेतच तिला कळा सुरू झाल्या होत्या. सोबतच्या म्हाताऱ्या सुईणीने मला हाक मारली, "अगो बाय, हिकडं ये. माज्या एकटीच्यानं व्हायचं नाय."

मी मागे सरले. "मी विधवा आहे," म्हणाले.

"म्हंजे हात नायत काय तुला? धर हिला."

मी धरले. मूल जन्मले, पण रडेना. म्हातारीने ते माझ्या हाती दिले आणि पाठ चोळायला लावली. मी चोळत राहिले. तोंडाने देवाचे नाव घेत होते की नव्हते, आठवत नाही. थोड्या वेळाने ते जीव खाऊन रडले. त्याच्या आईने मला नमस्कार केला, तेव्हा मलाही रडू आवरेना.

त्या सुईणीबरोबर मी पुढे तीन वर्षे गावोगाव हिंडले. भाऊ आधी रागावला, मग स्वतःच मला नदीच्या होडीपर्यंत सोडायला येऊ लागला. म्हातारी गेल्यावर तिची गावे माझ्याकडे आली.

गाडी नेमकी त्याच वेळी तिथे का थांबली, याचा मी फार शोध घेत नाही. देवाने माझे दुःख पुसले नाही, यजमानांची आठवण अजून येते. पण मी त्याच्या हवाली केलेले आयुष्य त्याने टाकले नाही, एवढे मला पुरते. बोलावणे आले की त्याला हात जोडते आणि पदर खोचून निघते. पुढे काय होणार ते मला ठाऊक नसते. आता ते आधी कळावे, असेही वाटत नाही.