ताईच्या अंगणाचा ढाळ

फरशी बसवणाऱ्यांत त्याला सगळे ‘लेव्हलमास्तर’ म्हणायचे. दुसऱ्याच्या कामात केसभर फरक दिसला, तरी बोलून दाखवल्याशिवाय याला चैन पडत नसे. गिऱ्हाइकाकडे तो पाण्याची नळी धरून दोन-दोनदा ढाळ, म्हणजे फरशीचा उतार, तपासायचा. सख्ख्या बहिणीच्या अंगणात फरशी बसवताना मात्र नळी नेलीच नाही. घरचंच काम, नजरेनं होऊन जाईल! घरच्या कामाला असा डाव्या हाताचा मान देणारे कारागीर कमी नाहीत, आणि हा त्यांतला पक्का.

शेवटच्या दिवशी त्यानं अंगणात बादलीभर पाणी ओतलं. ते कोपऱ्यातल्या, पाणी वाहून जायच्या जाळीकडे जायचं सोडून वळलं आणि सरळ उंबऱ्याशी येऊन साचलं. सगळं उखडून पुन्हा बसवायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी नवं काम सुरू व्हायचं होतं. ताई बाहेर यायच्या आत त्यानं सगळं पाणी गोणपाटानं टिपून घेतलं.

“झालं रे नीट?” ताईनं विचारलं.

“एकदम,” तो म्हणाला.

पुढं दोन वर्षं प्रत्येक पावसात ताई खराटा घेऊन पाणी लोटत राहिली. “जाळी तुंबते वाटतं,” ती म्हणायची. “साफ करत जा की,” हा म्हणायचा, आणि म्हणताना तिच्याकडे बघायचा नाही.

मग उंबऱ्याशी शेवाळ धरलं. ताई घसरली, मनगट मोडलं. तो भेटायला गेला तेव्हा ती शेजारणीला सांगत होती, “फरशीला नावं ठेवू नका हं, माझ्या भावानं बसवलीय. मीच वेंधळी.” ते ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो छिन्नी-हातोडा घेऊन आला आणि उंबऱ्याजवळची पहिली फरशी उखडली. आवाजानं ताई बाहेर आली, प्लास्टरचा हात गळ्यात.

“अरे, चांगली फरशी का फोडतोस?”

“ढाळ घराकडे आहे, ताई. जाळीचा काही दोष नाही. पाणी ओतून बघितलं, त्याच दिवशी मला कळलं होतं.”

एकदाचं सांगून टाकलं की जीव हलका होईल, असं त्याला रात्रभर वाटत होतं.

ताईनं त्या उखडलेल्या जागेकडे बघितलं.

“मी पाणी लोटायचे,” ती म्हणाली, “आणि तू त्या पायरीवर बसून माझ्या हातचा चहा प्यायचास.”

“हो,” तो म्हणाला.

ताई आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.