मागे राहून दार लावणारी

होमस्टे चालवायला शिकवणाऱ्या ऑनलाइन वर्गात ती आमच्या गटात होती. वयाने मोठी, वेंगुर्ल्याकडची. पाहुण्यांच्या जेवणाचा बेत आम्ही चौघी व्हिडिओ कॉलवर मिळून ठरवायचो. तिचा कॅमेरा निम्मा वेळ छताचे वासेच दाखवायचा, पण सोलकढीला नारळ कमी धरला की आवाज लगेच यायचा. वर्ग संपला की आम्ही पटापट कॉल सोडायची बटणं दाबायचो. ती मात्र पाहुण्याला अंगणाबाहेर सोडायला यावं तशी एकेकीला म्हणायची, "बरा, येवा हां परत." तिला स्वतःला 'येवा' म्हणायला मात्र मागे कुणी उरायचंच नाही.

शेवटच्या दिवशी मी मुद्दाम थांबले. ती हसली. "तुमी व्हा फुडे. मी दार लावन घेतंय."

मोठ्या बाईचं ऐकावं तसं मी निमूट बटण दाबलं. 'येवा' तोंडातच राहिलं.