सोलर बसलं, बिल चढलं

विजेचे दर वाढले, त्या महिन्यात मी आमच्या घरात क्रांती केली. म्हणजे कुंडलच्या आमच्या छतावर सोलर बसवलं.

आधी गल्लीत पत्रकं वाटली. मजकूर माझा, घोषणा माझ्या, उद्गारचिन्हंही माझीच! (इतर मुली परीकथा वाचायच्या, तेव्हा मी सभेतून आणलेली पत्रकं वाचायचे. तो दोष अजून गेलेला नाही.) दिवसा पॅनेल वीज तयार करतील, घरात वापरून उरलेली तारेतून बाहेर जाईल आणि तेवढी बिलातून वजा होईल, असं दारोदार समजावलं. गल्लीचं म्हणणं एकच, "तुमचं बिल येऊ दे पयलं. कमी आलं तर आमीबी बसवू."

बिल आलं. मागच्यापेक्षा जास्त!

"काय गं, सूर्यानंबी दर वाढवला व्हय?" शेजारच्या शांताकाकूंनी विचारलं.

माझं डोकंच फिरलं. मी नोकरीला सांगलीत. सकाळी सातची एसटी, परत येईतो सहा वाजतात. त्या दिवशी आल्या आल्या छतावर गेले. पॅनेल आरशासारखे लख्ख! मग चोर कोण? मीटर! जेवणाआधी नवं पत्रक तयार : 'दिवसाढवळ्या दरोडा!' दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि वीज कचेरीतल्या टेबलावर ते आपटलं.

"मीटर बदलू की ताई, पण बघू तर द्या," वायरमन म्हणाले आणि भर दुपारी माझ्याबरोबर आले. येताना मी काकूंसकट सात-आठ जणांना हाका मारल्या. साक्षीदार हवेत ना!

वायरमन छतावर चढले आणि जागीच थांबले.

"ताई, पॅनेल कुठायत?"

समोर हिरवी ताडपत्री. चारही कोपरे असे आवळलेले, की वादळानं माफी मागून परत जावं. अशी गाठ आमच्याकडे एकच माणूस मारतो : माझे वडील, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. त्यांना रानातून बोलावलं.

"आबा, हे काय?"

"झाकलंय. रोज सकाळी झाकतो, पाचला काढतो."

"का पण?"

"आगं, दिवसभर आमी रानात, तू सांगलीत. घरात कोण हाय? उगं कशाला वीज तयार करायची? दिवं लावायच्या टायमाला उघडतो की!"

"सूर्य मावळताना?"

"तूच ल्हिवलंयस न्हवं? 'घरात कोणी नसताना वीज वाया घालवू नका!' आडर म्हंजी आडर."

माझं लिखाण इतक्या निष्ठेनं आजवर कोणी वाचलं नव्हतं. गल्लीत प्रत्येकाच्या दारात मी उभी राहून बोलले होते. घरातल्या माणसाच्या हातात मात्र नुसता कागद ठेवला होता. ते रोज शिडी चढत होते, ऊन सोसत गाठी मारत होते, माझा शब्द पाळायला.

वायरमननी त्यांना दोन मिनिटांत समजावलं. आबा गाठी सोडत सगळ्यांना म्हणाले, "हे दिवसा कमावणार, आपुन रातच्याला खाणार. झाकायचं न्हाई."

"आत्ता कळलं बगा!" काकू म्हणाल्या. "आमीबी बसवतो."

वायरमननी तक्रारवही उघडली. "बिल जास्त येण्याचं कारण काय लिहू?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. "लिवा, पोरगी लय शिकल्याली हाय."

मी खाली सही केली.