एकाच वाचकासाठी लिहिलेलं पत्रक

तुम्ही बाई आहात की पुरुष, हे तुम्हाला कोणत्या तपासणीतून कळलं? त्यासाठी रक्त दिलं होतं का? रिपोर्ट कुठल्या कपाटात ठेवलाय?

हा प्रश्न मी रागानं विचारत नाही. पूर्वी मला राग फार यायचा. भिलाईच्या ज्या सेक्टरात आम्ही राहायचो, तिथे बाबांच्या सायकलच्या कॅरिअरला कायम पत्रकांचा गठ्ठा बांधलेला असे. ठेकेदाराकडच्या मजुरांचं पत्रक, महागाईचं, दारूचं, बुवाबाजीच्या विरोधातलं. शिफ्ट सुटायच्या वेळी बाबा ती पोलादाच्या प्लांटच्या गेटवर वाटायचे. उरलेली आई डब्यांखाली अंथरायची. मी मराठी आणि हिंदी दोन्ही त्या डब्यांखालच्या कागदांवरून वाचायला शिकले. चौदाव्या वर्षी मी पहिलं पत्रक लिहिलं. सोळाव्या वर्षी आणखी एक लिहिलं, चार पानांचं. ते फक्त एका माणसानं वाचायचं होतं. त्याबद्दल आज लिहिते आहे. लिहिताना काही वाटत नाही. हात चालतो, एवढंच.

मला एक मोठी बहीण आहे, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तेव्हा घरात, सेक्टरात, कॉलेजात सगळे तिला मुलगा समजत आणि मी तिला दादा म्हणत असे. इथे मी तिला ‘ती’ म्हणणार आहे, कारण ती तेव्हाही तीच होती. आई-बाबांच्या बोलण्यात ‘तो’ येईल. त्यांचं बोलणं मी बदललेलं नाही.

बाबा प्लांटच्या लॅबोरेटरीत कामाला होते. भट्टीत पोलाद तयार होत असताना त्यातलं चमचाभर काढून लॅबमध्ये पाठवतात. त्याला सॅम्पल म्हणतात. लॅबवाले त्यात काय किती आहे ते तपासून कळवतात आणि जे कमी असेल ते भट्टीवर टाकलं जातं. बाबांचं सगळं आयुष्य या एका कामात गेलं, त्यामुळे घरातही तीच भाषा होती. वरणाचा पहिला घास घेऊन ते म्हणायचे, “सॅम्पल फेल. मीठ कमी.”

आई म्हणायची, “मंग टाका वरतून अन् गपगुमान जेवा. थे तुमची भट्टी नाही.”

प्लांटच्या कामगाराला कुटुंबासाठी मेडिकल बुक मिळतं. त्यात घरात कोण कोण आहे याची यादी असते आणि ती अधूनमधून नव्यानं भरून द्यावी लागे. फॉर्म इंग्रजीत. आमच्या ओळखीच्या सगळ्या घरांत याची एकच रीत होती. शिकलेलं पोरगं फॉर्म भरणार, बाप न वाचता खाली सही करणार. बाबा लॅबमध्ये आकडे वाचत, पण ऑफिसचं इंग्रजी त्यांना नको वाटे. त्या वर्षीचा फॉर्मही बहिणीनं भरला. ती वीस वर्षांची होती. यादीत माझ्या नावासमोर तिनं ‘मुलगी’ लिहिलं आणि स्वतःच्या नावासमोरही ‘मुलगी’ लिहिलं. अक्षर दोन्हीकडे सारखंच सुबक होतं.

ऑफिसातला क्लार्क आमच्याकडचाच, भंडाऱ्याचा होता. त्यानं फॉर्म वर धरून विचारलं, “का भाऊ, तुमाले दोन पोरी कवा झाल्या? सांगतलं नाही, पेढे नाही?” चार टेबलं हसली. बाबाही हसले म्हणे.

घरी येऊन त्यांनी तो फॉर्म तिच्या ताटाशेजारी ठेवला.

“हे का लिहिलं?”

“जे हाय थेच लिहिलं.”

“काय हाय?”

“मी मुलगी हाय, बाबा. पहिलेपासूनच हाय.”

“अन् मी कलेक्टरीण हाय,” आई म्हणाली. “चाल, भाजी घे.”

कोणी हसलं नाही. तिनं भाजी घेतली. आम्ही सगळे जेवलो.

तिला तोवर मिशी फुटली नव्हती आणि आवाज बारीक होता. या दोन्ही गोष्टी घरात आधीपासून माहीत होत्या, पण त्यांची कोणाला फार काळजी नव्हती. “माह्या भावालेही उशिराच आली मिसी,” आई म्हणायची. फॉर्मच्या त्या दिवसानंतर मात्र दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या गेल्या. मिशी नाही, आवाज फुटला नाही, म्हणूनच त्याला आपण मुलगी आहोत असं वाटतं. कारण सापडलं, असं आम्हाला वाटलं. मलाही वाटलं.

आईला तिला एका बैगाकडे न्यायचं होतं. इकडे राख लावून झाडफूक करणाऱ्याला बैगा म्हणतात. कॅम्प-एक या वस्तीतल्या कोणाच्या तरी पोराचा ‘असाच’ त्रास त्यानं काढला होता म्हणे. मी पेटून उठले. मी अकरावीला होते, विषय सायन्स. माणसाच्या रक्तात काय आहे ते राखेला कसं कळणार, असं मी आईला विचारलं. अंधश्रद्धेवर अर्धा तास बोलले. बाबा माझ्या बाजूचे होते. त्यांनी मान डोलावली. तो वाद मी जिंकले. आता इतक्या वर्षांनी असं दिसतं की, बैगानं फार तर राख लावली असती. राख धुता येते.

आम्ही नागपूरला गेलो, तिथे डॉक्टरला दाखवलं. रक्त घेतलं. काही दिवसांनी रिपोर्ट आला. पुरुषाच्या शरीरात जे हार्मोन जितकं असायला हवं, त्याहून ते बरंच कमी होतं.

बाबा जवळजवळ खूश झाले. मी त्यांना इतकं हलकं झालेलं कधी पाहिलं नव्हतं. तो कागद त्यांनी दिव्याखाली धरला, आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “कमी हाय. कमी हाय म्हंजे टाकता येते.”

डॉक्टर भला माणूस होता. त्याच्यावर मी काही ढकलत नाही. त्यानं स्पष्ट सांगितलं होतं, “इंजेक्शनं दिली तर दाढी येईल, आवाज फुटेल, अंग भरेल. हे शरीराचं झालं. मुलाच्या मनात जे आहे त्याबद्दल मी काही कबूल करत नाही. ते त्याच्याशीच बोला.” आम्ही पहिली दोन वाक्यं घेऊन गाडीत बसलो.

परतीच्या वाटेवर ती खिडकीशी होती. डोंगरगढ स्टेशन गेल्यावर ती म्हणाली, “मले नको.” बाबांनी ऐकलं. त्यांनी शेंगदाण्याची पुडी पुढे केली.

तिला ते उशिरा येणं हवंच होतं. हे मला नंतर समजलं. इतर मुलांना जे चौदाव्या-पंधराव्या वर्षी होतं, ते आपल्याला झालं नाही, म्हणून ती रोज सुटल्यासारखी जगत होती. आवाज तर तिला खास प्रिय होता. डोळे मिटून ऐकलं तर तो मुलीचाच आवाज होता, आणि दिवसातून पाच-दहा मिनिटं तरी ती डोळे मिटून राहू शकत होती.

ती नको म्हणत राहिली. मारझोड झाली नाही, आमच्याकडे ती पद्धत नव्हती. बाबांनी मला बोलावलं. “तू समजव त्याले. तुह्यं ऐकते तो. तू लिहू शकते.”

मी लिहिलं. वहीची चार पानं, वर ठळक मथळा, मध्ये प्रश्न, शेवटी आवाहन. भोपाळच्या बोर्डाच्या हिंदी पुस्तकात अंतःस्रावी ग्रंथींचा धडा होता, त्यातलं सगळं वापरलं. मन हवेत नसतं, मेंदूत असतं, असं मी लिहिलं. मेंदू रक्तावर चालतो. रक्तात हार्मोन असतात. हार्मोन बदलले की मेंदू बदलतो, मेंदू बदलला की भावना बदलते. म्हणून साथी, घाबरू नकोस. तिला मी ‘साथी’ असं लिहिलं होतं. सख्ख्या बहिणीला.

तिनं मागच्या अंगणात, नळाजवळच्या दगडावर बसून ते सावकाश वाचलं.

“चांगलं लिहिते तू,” ती म्हणाली.

“मंग घेशील?”

“आवाज जाईन नं माहा?”

“जाईल म्हणजे, बदलेल.”

“अन् मले नाही जमलं, बंद केलं, तर वापस येईन?”

मला उत्तर ठाऊक होतं. पुस्तकात नव्हतं, पण डॉक्टरला मी स्वतः विचारलं होतं. घशातला तो बदल एकदा झाला की झाला, असं त्यानं सांगितलं होतं. बाबा तेव्हा बाहेर रिक्षा बघत होते. मी एकटीच होते.

“येईन बहुतेक,” मी म्हणाले. “औषध बंद केलं की असर जातेच.”

तिनं चारही पानांची घडी घातली. मग म्हणाली, “ठीक हाय. एक साल.”

दर तीन आठवड्यांनी कंपाउंडर घरी येऊन सुई द्यायचा. चौथ्या सुईनंतर आवाज फाटू लागला. आई शेजारणीला सांगून आली. सहाव्या-सातव्याच्या सुमाराला दाढी आली. बाबांनी तिला स्वतःच्या हातानं दाढी करायला शिकवली, आरशासमोर तिच्या मागे उभं राहून. त्यांचा चेहरा आनंदी होता. “सॅम्पल पास,” ते म्हणाले. ती साबण लावलेल्या तोंडानं आरशात पाहत होती. तिनं गाल त्यांच्या हाताखाली स्थिर ठेवला. मी दारात होते. मला काय वाटलं ते आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. काही आठवत नाही. साबणाचा वास आठवतो.

सुयांनी अंगात वाढलेली कामेच्छा तिला सोसवत नव्हती. हे तिनं मला एकदाच, भिंतीकडे तोंड करून सांगितलं. “मन जिकडं जायचं तिकडंच जाते. मी जे होती थेच हाय. फक्त आता अंगात गर्दी झाली.”

वर्ष भरलं त्या आठवड्यात तिनं कंपाउंडरला दारातूनच परत पाठवलं. बाबा ओरडले नाहीत. एक साल ठरलं होतं, आणि ते शब्दाचे पक्के होते. त्यांना वाटलं, तोवर मन वळलंच असेल. त्यांनी नवा फॉर्म आणला, या वेळी स्वतः भरला.

ती वाट पाहू लागली. नहाणीत नळ सोडून ती हळू आवाजात काहीबाही वाचायची. तांदूळ निवडताना एखादा शब्द म्हणायची, थांबायची, पुन्हा म्हणायची. महिना गेला, चार गेले. दाढी पूर्वीइतकी भराभर येत नव्हती. आवाज होता तिथेच होता. उन्हाळ्यात एका दुपारी ती माझ्यासमोर सुपडं घेऊन बसली होती.

“हा वापस येत नाही,” ती म्हणाली.

मी हातातलं पुस्तक मिटलं.

“तुले माहीत होतं?”

“हो.”

तिनं मान हलवली. सुपड्यातले खडे वेगळे केले, सूप झटकलं, पुन्हा बसली. मला वाटत होतं की ती काहीतरी फेकेल. मी तयार होते. तिनं सगळे तांदूळ निवडून संपवले आणि सूप आत नेऊन ठेवलं. त्या दिवसापासून ती आम्हा घरच्यांशी कामापुरतंच बोलते. हो, नको, आण, ठेव.

याला आता आठ वर्षं होतील. ती आता कॅम्प-एकमध्ये वेगळी राहते आणि तिथल्याच एका छोट्या छापखान्यात टाइप जुळवते. मशीनच्या आवाजात तिथे कोणाला बोलावं लागत नाही. केस लांब आहेत, कुर्ता घालते, आसपासच्या बायका तिला दीदी म्हणतात आणि ती मानेनं उत्तर देते. आई दर रविवारी डबा नेते. बाबा रिटायर झाले, ते जात नाहीत. ते वाईट नाहीत. ते अजून मला विचारतात, “डोस कमी पडला असन का?”

मी त्यानंतर मिळेल ते वाचलं. मूल पोटात असल्यापासून त्याचा मेंदू घडत जातो आणि त्यात हार्मोनांचा काही हात असतो, असं शास्त्र म्हणतं. किती आणि कसा, हे अजून कोणाला नीट सांगता येत नाही. वयात येताना तीच द्रव्यं आवाज, केस, हाडं, इच्छा बदलतात. म्हणजे माझं पत्रक सगळं खोटं नव्हतं. मन मेंदूतच असतं, हे मी अजून मानते. पण घडून गेलेल्या माणसाच्या कमरेत सुई टोचून, तो स्वतःला कोण समजतो ते बदलत नाही. आणि ते बदलायलाच हवं, हे आम्ही कुठून आणलं होतं? ते तर कुठल्याच रिपोर्टात नव्हतं. ते आम्ही क्लार्कच्या टेबलावरून घरी आणलं होतं.

हे लिहू का, असं मी तिला विचारलं. तिनं माझ्याच कागदाच्या मागे पेन्सिलनं लिहून दिलं : लिही, नावं नको.

तुमच्या घरात असं कोणी असेल आणि घरातली शिकलेली म्हणून तुम्हालाच तिची समजूत घालायला पाठवलं, तर जाऊ नका. गेलातच, तर या उपचारात काय परत येतं आणि काय कधीच परत येत नाही, हे आधी डॉक्टरला विचारून घ्या, कागदावर खरं खरं लिहा आणि तो कागद तिच्या हातात द्या. मग ती ‘नको’ म्हणाली, तर बाहेर या आणि तिचा तो शब्द घरच्यांना जसाच्या तसा सांगा.