लतिकाच्या दाराचं कुलूप

नायगावच्या आमच्या चाळीत आता मजल्यावर मोजकीच बिऱ्हाडं उरली आहेत. बाकीची टॉवर उभा राहीपर्यंत भाड्याच्या घरांत पांगली. माझ्या समोरच्या खोलीत लतिका परब आणि तिची सासू रमाबाई राहतात. लतिकाबद्दल कुणी कधी काही लिहील असं वाटत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

लतिका घोडपदेवची. लग्न होऊन आली तेव्हा मोठ्याने हसायची आणि रमाबाई तिला त्यावरून बोलायच्या. तिचा नवरा अवधूत काविळीने गेला, मूलबाळ नाही. माहेरच्यांनी बोलावलं, पण सासूला सोडून ती गेली नाही. दादरला साड्यांच्या दुकानात उभ्याने नोकरी करू लागली.

पुढे रमाबाई विसरायला लागल्या. एकदा त्या कधीच्या बंद पडलेल्या रेशन दुकानासमोर पिशवी घेऊन उन्हात उभ्या सापडल्या, पायांना फोड आलेले. त्यानंतर लतिका कामावर जाताना दाराला बाहेरून पितळी कुलूप लावू लागली. रमाबाई आतून आमटीच्या डावाने दार बडवायच्या. मी दारापाशी बसून बोलत राहायचे, पण माझा आवाज त्यांना ओळखू यायचा नाही.

"काकी, गिऱ्हाइकासमोर साडी उलगडते ना, तरी कानात तोच डाव वाजतो," लतिका म्हणायची.

म्हणून घरबसल्या नोकरी मिळाली तेव्हा तिने पेढे आणले. एका इंटरनेट कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या, मराठीत आणि हिंदीत. तिने केबलवाल्याकडून नेटची जोडणी घेतली, राउटर भिंतीवर ठोकला आणि कुलूप खिळ्याला अडकवलं. "हे परत दाराला लागायला नको, बस्स. बाकी देवाकडे काही मागणं नाही."

तिचं दार उघडं असायचं, त्यामुळे तिचं बोलणं मला पाठ झालं. "सर, राउटरवर लाल दिवा दिसतोय का? प्लग काढा. थोडं थांबा. आता लावा." समोरचा ओरडला तरी तिचा आवाज चढत नसे.

शेजारचा बुद्धभूषण बसवर कंडक्टर आहे. एकदा दारात उभा राहून म्हणाला, "लतिकाताई, आमच्या डेपो मॅनेजरचा लाल दिवा कायम लागलेला असतो. त्याचं काय करू?"

"प्लग काढा, भाऊ."

"काढतो. मग तुमच्याकडेच नोकरीला येतो."

कित्येक वर्षांनी मी तिचं मोठ्याने हसणं ऐकलं.

रमाबाईंचंही बरं चाललं होतं. दुपारी झोपून उठल्या की त्या भिंतीला हात लावत पॅसेजभर फिरायच्या. लतिका कानाला हेडफोन लावून बसायची, एक कान मोकळा ठेवून. "चप्पल ऐकू येते तोवर मला काळजी नाही," म्हणायची.

मग दुपारी तिचं नेट जायला लागलं. सकाळी ठीक, दुपारच्या चहानंतर राउटरवर लाल दिवा, आणि संध्याकाळी आपोआप हिरवा. दिवसभर इतरांना सांगायची ते सगळं तिने स्वतःवर करून पाहिलं. प्लग काढला, लावला. मागच्या भोकात टाचणी घालून राउटर कोरा केला. नवी वायर आणली, अडॅप्टर बदलला. राउटर खिडकीत नेऊन ठेवला, मग पुन्हा भिंतीवर. मोबाइलच्या नेटवर काम करायला कंपनीची परवानगी नव्हती.

केबलवाल्याचा माणूस यायचा तो सकाळी. जिन्याजवळ उंचावर त्यांची लोखंडी पेटी आहे, तिला कुलूप. ती उघडून, यंत्र लावून तो म्हणायचा, "सिग्नल फर्स्ट क्लास आहे मॅडम. तुमच्या घरातच काहीतरी प्रॉब्लेम आहे." त्या पेटीवर आता लतिकाचीच एक जोडणी उरली होती, त्यामुळे तक्रार करणारं दुसरं कुणी नव्हतं.

तिचा वरिष्ठ शंतनु नावाचा मुलगा होता. त्याला इंग्रजीत कळवायचं असलं की ती माझ्याकडे यायची. "काकी, तुम्ही कॉन्व्हेंटच्या. जरा गोड शब्दांत लिहा." मी गोड शब्दांत लिहिलं. उत्तर आलं ते गोड नव्हतं. येत्या शुक्रवारी दुपारी वरचे लोक तिचे कॉल ऐकणार होते. त्या दिवशी लाइन तुटली तर काम बंद.

शुक्रवारी मी खुर्ची दारात ओढून बसले. निदान कॉल चालू असताना रमाबाईंनी मध्ये बोलू नये एवढं तरी बघावं. लतिका आत बोलत होती, आवाज स्थिर. रमाबाई उठल्या, पॅसेजमधून जिन्यापर्यंत गेल्या. तिथे विजेचा बोर्ड आहे. त्यांनी चष्मा सावरला आणि एकेक बटण बंद केलं.

आमच्या चाळीत पॅसेजच्या विजेचं बिल सगळ्या खोल्यांत वाटलं जायचं. दिवसाढवळ्या बटण चालू दिसलं की ज्याला दिसेल त्याने बंद करायचं, ही मजल्याची जुनी शिस्त. ती लावणाऱ्यांत रमाबाई पहिल्या. केबलवाल्याच्या पेटीची विजेची वायर त्याच बोर्डात उतरली होती, हे मला तेव्हा दिसलं. संध्याकाळी ड्युटीवरून येताना बुद्धभूषण उजेडासाठी सगळी बटणं दाबायचा, म्हणून नेट परत यायचं.

"हॅलो? सर? हॅलो?" आतून लतिकाचा आवाज आला.

मी काठी टेकत बोर्डापर्यंत पोहोचले, बटणं चालू केली. पण पेटी जागी होऊन राउटरचा दिवा हिरवा व्हायला वेळ लागतो. त्याआधीच तिचा मोबाइल वाजला. ती फक्त "हो सर" म्हणत होती.

ती बाहेर आली तेव्हा माझा हात अजून बोर्डावर होता. सांगावं लागलं नाही. रमाबाई मात्र खुशीत होत्या.

"बटणा कोणी चालू ठेवल्यान गो? बिल काय तेंचो बापूस भरतलो?"

लतिका त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ओरडेल. तिने पदराने त्यांच्या हाताला लागलेली भिंतीची धूळ पुसली.

"बरं केलंत आई. चला, चहा घेऊ."

बुद्धभूषणने त्याच संध्याकाळी पेटीचं बटण चालू ठेवून त्यावर चिकटपट्टी लावली. लतिकाने शंतनुला दोनदा फोन केला, मी पुन्हा इंग्रजीत लिहून दिलं. तिची जागा भरली होती.

आता ती पुन्हा साड्यांच्या दुकानात जाते. सकाळी सासूला जेवू घालते, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवते, खिळ्यावरचं कुलूप काढते. लावताना आवाज होऊ नये म्हणून पदर आड धरते.

रमाबाई आता डावाने दार बडवत नाहीत. दुपारी झोपून उठल्या की दारापाशी येऊन हाका मारतात.

"कोण असा गो भायर? बटणा बंद करा. दिवस असा अजून."

मी उठते आणि पॅसेजच्या दिव्याचं बटण बंद करून येते. चिकटपट्टीखालचं तेवढं चालू राहतं, आणि वरच्या पेटीची घरघर ऐकू येत राहते.