देवराव मुकादमांची माणसं

सक्करदऱ्याच्या देवराव मेश्रामांनी बासष्ट सालापासून एकच काम केलं, कारखान्याच्या बॉयलरला आणि वाफेच्या नळांना अ‍ॅस्बेस्टॉसचा लेप देण्याचं. पोत्यातली पांढरी भुकटी घमेल्यात ओतायची, पाणी घालून कणकेसारखी मळायची आणि तापल्या लोखंडावर हाताने थापायची. ठेकेदाराकडे असे एकवीस गडी होते आणि देवराव त्यांचे मुकादम. त्यांनी थापलेला लेप इतका सफाईदार असे, की इंजिनीयर साहेब जाता-येता नळावरून बोटं फिरवून बघत.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात डॉक्टर लतिका नावाची तरुण बाई त्यांच्या दारात आली. फुप्फुसांच्या आजारावर तिचं संशोधन चाललं होतं.

"तुमच्या गँगमधले गोपाळराव दोन वर्षं टीबीची औषधं घेताहेत," ती म्हणाली. "पण त्यांच्या थुंकीत टीबी कधी सापडलाच नाही. मला वाटतं, त्या भुकटीनं फुप्फुसं आवळली आहेत. बाकीच्यांना तपासायचंय, पण ठेकेदाराकडे कुणाची नोंदच नाही."

"नोंद कायले पाह्यजे बाई? सगळे मले तोंडपाठ हायेत."

पुढचे चार रविवार देवराव सायकलवर पुढे आणि डॉक्टरीणबाई लूनावर मागे, असे ते नंदनवनच्या गल्ल्यांतून हिंडले. प्रत्येक घरी ती विचारी, किती वर्षं काम केलं, खोकला कधीपासून आहे. देवरावांना मात्र वेगळंच आठवत राही. थंडीत सगळे बॉयलरला पाठ लावून जेवायचे. डबे तिथेच गरम व्हायचे, आणि कुणाच्या डब्यात अंबाडीची भाजी आहे ते झाकण निघायच्या आधीच कळायचं. धुळवडीला रंग नसला तर हीच भुकटी उडवायचे. घरी गेल्यावर बायका ओळखायच्या नाहीत, लेकरं भूत भूत म्हणून पळायची. काय हसायचे सगळे! तसं मोकळं हसणं देवरावांना नंतर कुठे सापडलं नाही.

सात घरांत गडी उरलाच नव्हता. कुणी दम्याने गेला म्हणत, कुणी टीबीने. सातव्या घरातून बाहेर पडल्यावर देवरावांनी सायकल भिंतीला टेकवली.

"बाई, एकविसातले अकरा मीच आणले होते. कोणी साळा, कोणी शेजारी. म्हटलं, पक्कं काम हाय, चला."

"तुम्हाला तरी कुठे माहीत होतं?"

"नव्हतं," ते म्हणाले. पण त्या दिवशी ते पुढे एकही घर दाखवू शकले नाहीत.

उरलेल्या चौदा जणांना त्यांनी स्वतः एक्स-रेला नेलं. नळीत फुंकायच्या यंत्रापुढे सगळे पुन्हा पोरांसारखे झाले, जास्त कोण फुंकतो यावर पैजा लागल्या. गोपाळरावांना दोनदाच फुंकता आलं. सगळ्यात शेवटी देवरावांनी फुंकलं. बऱ्याच जणांसारखे त्यांच्याही एक्स-रेत फुप्फुसांवर वण निघाले. बाईंनी लेपाचं काम सोडायला सांगितलं. घरी बायको प्रेमिला डोळ्यांना पदर लावून बसली, तेव्हा ते म्हणाले, "काहून रडून राहिली वं? अजून चालून राहिलो ना मी!" दुसऱ्या दिवसापासून ते एका शाळेत चपराशी म्हणून लागले.

ब्याऐंशीत बाईंचा लेख छापून आला. पुढे कारखान्याने भुकटी बंद करून काचेच्या धाग्याची वेष्टणं आणली. लेखाची एक प्रत बाईंनी सक्करदऱ्याला आणून दिली. सगळं इंग्रजी होतं, आणि माणसांच्या जागी नुसते आकडे.

"याच्यात गोपाळराव कुठं हाय?"

गोपाळरावांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

"नऊ नंबर," बाई म्हणाल्या. देवरावांनी त्या नऊवर बोट ठेवलं. मग बाईंनी पर्समधून पेन काढलं आणि ते सांगतील तशी एकवीसच्या एकवीस नावं मराठीत लिहिली. तपासणीआधीच गेलेल्या सात जणांना नंबर नव्हता, त्यांची शेवटी, कोऱ्या जागेत.

तीच प्रत घेऊन देवराव गोपाळरावांच्या बायकोकडे, पंचफुलाबाईकडे गेले. तिला वाचता येत नव्हतं. त्यांनी तिचं बोट धरून नावावर ठेवलं.

"आन् काय लिवलं हाय त्याईच्याबद्दल?"

"वय. कामाची वर्षं. खोकला."

"बस, इतकंच?"

देवराव ओट्यावर बसले. नवीन गडी आला, की गोपाळराव आपली बॉयलरजवळची ऊबदार जागा त्याला कशी देत, तिथपासून त्यांनी सुरुवात केली. मधे धाप लागली तेव्हा थांबले. पंचफुलाबाईने पाणी दिलं आणि समोर बसून म्हणाली, "सांगा, भाऊजी."

मग त्यांनी पुढचं सांगितलं.