डेल्फिनाची खूण

आमच्या खोऱ्यातल्या कारखान्यात बनलेल्या पिस्तुलाच्या मुठीवरची लाकडी पट्टी काढली की आत फिटरची खूण सापडते. ज्याने कानस मारून पिस्तूल जुळवलं, त्याने ती कोरायची. माझी खूण आडवी रेघ, शेजारच्या टेबलावरच्या डेल्फिना झुबानीची विळ्यासारखी. तीस वर्षांत तिची खूण असलेलं एकही पिस्तूल परत आलं नव्हतं. पुढे जे झालं त्याचा मला म्हणूनच आजही संताप येतो.

आम्ही बनवायचो ते जुन्या घडणीचं, सगळं पोलादी पिस्तूल. उडालेल्या गोळीची पुंगळी ओढून काढायला त्यात एक छोटा आकडा असतो. डेल्फिना त्याखाली नकली काडतूस सरकवायची आणि हात झटकायची. काडतूस पडलं की आकडा पुन्हा कानशीखाली. "वेळेला अडकलं तर माणूस मरेल, आणि मी इथे जेवत असेन," म्हणायची.

एका वसंतात कुठल्याशा शहरातल्या पोलिसांची सहा पिस्तुलं सरावात अडकली आणि परत आली. नवे इंजिनिअर तिरोनी यांनी सगळ्यांसमोर पट्ट्या काढायला लावल्या. सहाही खुणा विळ्याच्या. अख्खी खेप तिनेच जुळवलेली, दुसरी खूण निघणार कुठून? दुपारी बोर्डावर नोटीस लागली: 'जोडणीतला दोष, टेबल चार.' आणि डेल्फिनाची रवानगी पेट्या भरायला.

नोटीस वाचून ती सरळ तिरोनींकडे आली.

"साहेब, मॅगझिनं कुठायत यांची?"

"मॅगझिनचा काय संबंध? ही जुनी घडणच बेभरवशाची. त्यात तुमचे हात थकलेत, डेल्फिनाबाई."

"हातांचं नंतर बघू. मॅगझिन आणा."

आणलं. मुठीत सरकवायच्या त्या गोळ्यांच्या डबीच्या तोंडाशी असलेल्या पत्र्याच्या कडांवर तिने अंगठा फिरवला. कडा बाहेर फाकलेल्या. त्या हिवाळ्यापासून कारखाना मॅगझिनं बाहेरून स्वस्तात घेत होता. तिने खणातून जुनं मॅगझिन काढलं, परत आलेल्या एका पिस्तुलात बसवलं, सात नकली काडतुसं हाताने चालवली. सातही सुरळीत. मग नवं मॅगझिन लावलं. तिसरं काडतूस तोंड वर करून अडकलं. पुन्हा चालवलं, पुन्हा तिसरंच.

"आता बोला. थकलंय कोण?"

मागे कोणीतरी हसलं. तिरोनी हसले नाहीत.

मॅगझिनं गुपचूप बदलली. नोटीस मात्र तशीच राहिली, कारण पोलिसांनाही जोडणीतलाच दोष कळवला होता; ती काढली तर खरी चूक कोणाची हे त्यांना सांगावं लागलं असतं. डेल्फिना चार वर्षं पेट्याच भरत राहिली. आम्ही अकरा फिटर रोज त्या कागदासमोरून जायचो. एका टाचणीवर लटकलेला कागद, पण हात लावायची कोणाची छाती झाली नाही. माझीही नाही.

ती निवृत्त झाली त्या दिवशी तिरोनींनी मखमली पेटीतून तिला एक पिस्तूल भेट दिलं. आभार मानायच्या आधी तिने मॅगझिन बाहेर ओढलं आणि कडांवर अंगठा फिरवला. तेच, फाकलेलं. उरलेल्या मालातलं.

"हे तुमचं," म्हणत तिने मॅगझिन त्यांच्या हातावर ठेवलं. मग पट्टी काढून आतला विळा बघितला. "हे माझं."

रिकामं पिस्तूल पिशवीत टाकून ती बोर्डाकडे न बघता निघून गेली.

नोटीस मी त्याच दिवशी काढली. ती फाटकाबाहेर गेल्यावर.